मार्चअखेरचे नवे-जुने

गावात एकाने सांगितले, "मला तीन टक्क्यांनी पैसे मिळाले," आणि दुसरा म्हणाला, "पतसंस्थेचे बारा टक्के आहेत," तर ऐकणाऱ्याला पहिला नशीबवान वाटतो. पहिल्याचे तीन टक्के महिन्याचे असतात आणि दुसऱ्याचे बारा टक्के वर्षाचे. म्हणजे पहिला वर्षाला छत्तीस टक्के भरतो आणि तरी खुशीत असतो. सावकार कधी वर्षाचा दर सांगत नाही. तो "शेकडा तीन रुपये" म्हणतो. लहान आकडा कानाला बरा वाटतो, आणि घाईत असलेला माणूस पुढे विचारत नाही.

या सदरात आपण घरखर्चाचे हिशोब करतो. शाळेची फी झाली, लग्नाचा खर्च झाला, हजचे पैसे कसे साठवावेत तेही झाले. पण ज्या घरांत दोन-चार एकर का होईना जमीन आहे, तिथे सगळ्यात मोठा हिशोब शेतीच्या कर्जाचा असतो, आणि तो बहुधा घरातल्या एकाच माणसाला माहीत असतो. बायकोला माहीत नसतो, थोरल्या मुलाला अर्धा माहीत असतो. म्हणून या महिन्यात नगर जिल्हा (आता अहिल्यानगर) समोर ठेवून एवढेच पाहू: एक लाख रुपये एका वर्षासाठी हवे असतील तर कोण देतो, कितीला देतो, आणि कागदावर नसलेले काय काय घेतो.

पहिले दार विकास सोसायटीचे. तिचे पूर्ण नाव विविध कार्यकारी सेवा सहकारी सोसायटी. पैसा वरून येतो: मुंबईची राज्य सहकारी बँक, तिच्याखाली नगरची जिल्हा सहकारी बँक, आणि तिच्याखाली गावची सोसायटी. कोणत्या पिकाला किती कर्ज द्यायचे याचे दर जिल्ह्याची तांत्रिक समिती दरवर्षी ठरवते. त्यावरून सचिव प्रत्येक सभासदाचे कर्ज मर्यादा पत्रक तयार करतो. सातबारा, आठ-अ आणि पीकपाहणी पाहिली जाते. शेतकरी इकरार लिहून देतो आणि सातबाऱ्यावर सोसायटीचा बोजा चढतो. कर्जातून थोडी रक्कम शेअर्सपोटी कापून घेतात. ती कर्ज फिटल्यावरही तिथेच राहते, हे बरेच जण विसरतात.

जाता जाता एक गोष्ट. इकरार, कर्ज, रक्कम, जामीन, वसूल, तगाई हे सारे शब्द अरबीतून आपल्या मराठीत आले, आणि हप्ता फारसीतून. मराठी शेतकऱ्याचा कर्जाचा शब्दकोश आपल्याला अनोळखी नाही. अनोळखी असतात ती कागदावरची बारीक अक्षरे.

सोसायटीचे पीककर्ज आज सगळ्यात स्वस्त आहे, याबद्दल वाद नको. तीन लाखांपर्यंतच्या पीककर्जाचा दर वर्षाला सात टक्के आहे. मुदतीत फेडणाऱ्याला केंद्र सरकार त्यातले तीन टक्के सोडते. उरलेले डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेतून राज्य सरकार भरते. २०२१-२२ पासून तीन लाखांपर्यंत ही सवलत पूर्ण आहे. म्हणजे एक लाख घेतले आणि वेळेत एक लाख भरले, तर व्याज शून्य. राष्ट्रीयीकृत बँकेच्या पीककर्जालाही हीच सवलत आहे.

सगळे अवलंबून आहे ते "वेळेत" या शब्दावर. मुदत चुकली की दोन्ही सवलती जातात. लाखाला सात हजार रुपये अंगावर येतात, आणि मुदतीनंतर बँकेचा स्वतःचा दर सुरू होतो. खाते थकबाकीत गेले की पुढच्या हंगामाचे कर्जही बंद.

आता नगर जिल्ह्यातली पिके पाहा. उन्हाळी कांदा मार्च, एप्रिल, मे असा निघतो. शहाणा शेतकरी तो लगेच विकत नाही, चाळीत ठेवतो आणि भाव पाहून पावसाळ्यात काढतो. सोसायटीची वसुली मात्र ३१ मार्चला. पीक रानात असते तेव्हा बँकेची तारीख दारात उभी राहते. मग जिल्ह्यातल्या प्रत्येक गावात दर मार्चला जे घडते त्याला लोकांनी छान नाव दिले आहे: नवे-जुने. जुने कर्ज भरायचे आणि नवे उचलायचे. भरायला पैसे नसतात, म्हणून ते आठ-पंधरा दिवसांसाठी कुणाकडून तरी घ्यायचे, सोसायटीत भरायचे, नवीन मंजुरी आली की देणाऱ्याचे परत करायचे.

हे पैसे देणारा कोण? गावातला खासगी सावकार, कधी दुकानदार, कधी पैसे फिरवण्याचाच धंदा करणारा एखादा. तो आठ दिवसांचे व्याज घेत नाही, पूर्ण महिन्याचे घेतो. शेकडा तीनने लाखाला तीन हजार, शेकडा पाचने पाच हजार. नवी मंजुरी लांबली आणि एप्रिल उलटला तर दुसऱ्या महिन्याचेही. म्हणजे सरकार ज्या कर्जावर एक रुपया व्याज घेत नाही, त्याच कर्जाला शेतकऱ्याच्या घरातून वर्षाला तीन ते पाच टक्के जातात, कधी दहाही. बँकेच्या पुस्तकात त्याची नोंद नाही. तिथे वसुली चांगली दिसते, शेतकरी नियमित दिसतो, सचिवाचे कौतुक होते. मुद्दल मात्र दहा वर्षांपूर्वी होते तेवढेच असते, बहुतेकदा वाढलेले असते.

माझे मत विचाराल तर नगर जिल्ह्यातल्या पतव्यवस्थेचा सगळ्यात मोठा दोष हा आहे. दर ठीक आहे, तारीख चुकीची आहे. व्याजमाफीवर सरकार एवढा पैसा खर्च करते, त्यातला काही भाग मार्चमध्ये त्या मधल्या माणसाच्या खिशात जातो.

उसाचे तसे नाही. ऊसवाल्याचे कर्ज फिटते ते कारखान्यातून. कारखाना बिलातून सोसायटीची रक्कम कापतो आणि उरलेले शेतकऱ्याच्या खात्यात टाकतो. ऊस घातल्यापासून चौदा दिवसांत रास्त दर देण्याचे बंधन १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात आहे. ते किती पाळले जाते हा वेगळा विषय. पण वसुलीची खात्री असते, म्हणून बँकेला ऊस आवडतो. एकरी कर्जही उसाला ज्वारी-बाजरीपेक्षा कितीतरी जास्त. राहाता, कोपरगाव, श्रीरामपूर, राहुरी, नेवासे, संगमनेर या पाटपाण्याच्या पट्ट्यात सोसायट्या मोठ्या दिसतात त्यामागे प्रवरेचे, गोदावरीचे, मुळेचे पाणी आहे. लोणी बुद्रुकला विठ्ठलराव विखे पाटलांनी १९२३ साली सहकारी पतपेढी काढली. पुढे त्याच परिसरात, अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ अध्यक्ष असताना, १९५० च्या अखेरीस प्रवरेचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला. आधी पतपेढी, मग कारखाना, असा तो क्रम आहे. आज आपल्याला कारखाना आठवतो, पतपेढी आठवत नाही.

पाथर्डी, जामखेड, शेवगावकडे या. पाऊस बेभरवशाचा, पिके ज्वारी, तूर, कापूस, बाजरी. एकरी कर्ज कमी आणि तेही मिळेलच असे नाही. इथली हजारो कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात. त्यांनाही उसावरच पैसे मिळतात, पण मुकादमाकडून. त्याला उचल म्हणतात. नवरा-बायकोच्या जोडीला कोयता म्हणतात आणि उचल एका कोयत्यावर ठरते. सहा महिने तोड करून ती फिटली नाही तर राहिलेली रक्कम पुढच्या हंगामावर जाते. तो कर्जदार मग मुकादम बदलू शकत नाही, आजारी पडू शकत नाही, बायको गरोदर असली तरी थांबू शकत नाही. राहात्याच्या शेतकऱ्याला उभ्या उसावर बिनव्याजी कर्ज मिळते. तोच ऊस तोडणाऱ्या पाथर्डीच्या माणसाला हातपाय तारण ठेवावे लागतात. एकाच जिल्ह्यात, एकाच पिकावर. या कोयत्यांत आपल्या समाजाची घरेही आहेत, त्यांच्याविषयी पुन्हा सविस्तर लिहावे लागेल.

सावकारीचा विषय या जिल्ह्याला नवा नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकरी सावकारांवर उठले आणि लोण नगर जिल्ह्यात पारनेर, श्रीगोंदे, नगर, कर्जत या तालुक्यांत पसरले. इतिहासात त्याला दख्खनचे दंगे म्हणतात. लक्षात ठेवण्यासारखे हे की बहुतेक ठिकाणी लोकांनी माणसांना मारले नाही. त्यांना हवे होते कर्जरोखे. ते मिळाले की जाळले आणि लोक घरी गेले. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाला आलेला भाव कोसळला होता, शेतसारा वाढला होता, आणि तेजीच्या दिवसांत हात सैल सोडून कर्ज देणाऱ्या सावकारांनी हात आखडता घेतला होता. चौकशी आयोग बसला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी कायदा आला. कोर्टाला रोख्याच्या मागे जाऊन खरा हिशोब तपासता येऊ लागला. कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात घालणे बंद झाले. मग सावकारांनी वाट शोधली. गहाणखताऐवजी सरळ खरेदीखत लिहून घ्यायचे आणि तोंडी सांगायचे, "पैसे दिलेस की जमीन परत."

ही वाट दीडशे वर्षांनीही बंद झालेली नाही. आजही बाळंतपण, दवाखाना, मुलीचे लग्न यासाठी लाख-दोन लाख घेताना अर्धा एकर खरेदीखताने लिहून दिली जाते. अशा घरांना माहीत असावे म्हणून सांगतो. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी नियमन कायद्यानुसार परवान्याशिवाय सावकारी हा गुन्हा आहे. परवानाधारक सावकाराला शेतकऱ्याकडून तारणी कर्जावर वर्षाला नऊ आणि विनातारण कर्जावर बारा टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. वर्षाला, महिन्याला नव्हे. आणि कलम १८ प्रमाणे सावकारीच्या व्यवहारात गेलेली जमीन पंधरा वर्षांच्या आत तक्रार केली तर चौकशीअंती परत मिळू शकते, खरेदीखत झाले असले तरी. तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे किंवा जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे करायची. पैसे दिल्या-घेतल्याच्या चिठ्ठ्या, फोनवरचे निरोप, बँकेतून वळवलेल्या रकमा, शेत अजून आपणच कसतो याचा पुरावा, हे सारे जपून ठेवा. खरेदीखतातली किंमत आणि त्या वेळचा बाजारभाव यांत फार फरक असेल तर तेही दाखवा.

दुसरे दार राष्ट्रीयीकृत बँकेचे. १९६९ मध्ये चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि त्याच वर्षी अग्रणी बँक योजना आली. आपल्या जिल्ह्याची अग्रणी बँक सेंट्रल बँक ऑफ इंडिया. दर सोसायटीइतकाच, रक्कम बहुधा जास्त, आणि राजकारण कमी. किसान क्रेडिट कार्ड १९९८ पासून आहे. दोन लाखांपर्यंतच्या शेतीकर्जाला १ जानेवारी २०२५ पासून तारण मागायचे नाही असा रिझर्व्ह बँकेचा आदेश आहे. त्याआधी ही मर्यादा एक लाख साठ हजार होती. शाखेत कुणी दीड लाखाला गहाणखत मागितले तर हा आदेश नम्रपणे दाखवा. अडचण पैशाची नसते, फेऱ्यांची असते: वकिलाचा सर्च रिपोर्ट, सगळ्या बँकांचे नो-ड्यूज दाखले, सिबिल, गाव कोणत्या शाखेला दत्तक आहे, आणि साहेबांची बदली. दिवसाच्या मजुरीच्या हिशोबाने पाच फेऱ्यांचे अडीच-तीन हजार जातात. पण ते एकदाच. पुढे दरवर्षी नूतनीकरण तुलनेने सोपे.

पतसंस्था म्हणजे नगर जिल्ह्याची खास चीज. बाजारपेठेच्या प्रत्येक गावात चार-पाच पाट्या दिसतील. बारा ते पंधरा टक्के दर, दोन जामीनदार, आणि आठवड्यात पैसे. शेतीसाठी हे महाग आहे, कारण सरकारी व्याज सवलत इथे नाही. पण विहिरीची मोटर जळाली आणि उद्या पैसे हवेत, तर पतसंस्था सावकारापेक्षा तिपटीने स्वस्त पडते. ठेव ठेवणाऱ्यांनी मात्र जपावे. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नसतो. १९१० साली स्थापन झालेल्या नगर अर्बन बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये रद्द केला, तेव्हा ठेवीदारांना या विम्याची किंमत कळली. ती तर बँक होती.

सोने तारण ठेवून शेतीकर्ज घ्यायचे असेल तर ते खासगी कंपनीत न घेता राष्ट्रीयीकृत बँकेत घ्यावे, दरात बराच फरक पडतो. आणि दागिने बहुधा घरच्या बाईचे असतात. महरमध्ये आलेले सोने तिच्या मालकीचे आहे. विचारून, सोडवण्याची तारीख सांगून घ्या. पावती तिच्याजवळ राहू द्या.

आता बायकांच्या गटांकडे येऊ, कारण अलीकडे घरातले निम्मे कर्ज त्यांच्या नावावर असते. बचत गट आणि खासगी मायक्रोफायनान्स कंपनीचा गट, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बचत गट स्वतःच्या पैशाने सुरू होतो आणि मग बँक त्याला जोडली जाते. नाबार्डने १९९२ मध्ये हा प्रयोग सुरू केला. कंपनीच्या गटात बचत नसते, फक्त वसुली असते. उदाहरणार्थ, चाळीस हजार रुपये दोन वर्षांसाठी चोवीस टक्क्यांनी घेतले तर महिन्याचा हप्ता सुमारे २,११५ रुपये. दोन वर्षांत ५०,७६० रुपये जातात, म्हणजे १०,७६० रुपये व्याज. सावकाराच्या मानाने हे कमीच म्हणावे लागेल. पण पहिला हप्ता पुढच्याच महिन्यात येतो, आणि शेतीत टाकलेला पैसा सहा महिन्यांनी परत येतो. मधले हप्ते कुठून भरायचे? दुसऱ्या कंपनीकडून. मग तिसऱ्या. एका हप्त्यासाठी दुसरे कर्ज काढलेली बाई कुठल्या मोहल्ल्यात नाही? रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमाप्रमाणे घरातले सगळे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त होता कामा नयेत, या कर्जाला तारण घेता येत नाही, आणि वसुलीसाठी दमदाटी करता येत नाही. शेतीसाठी हे कर्ज घेऊच नये. दूध, अंडी, शिवणकाम असे आठवड्याला पैसे येणारे काम असेल तरच घ्यावे.

ज्यांना कुणी कर्ज देणारा म्हणत नाही ते दोघे राहिले. एक खतवाला, दुसरा आडत्या.

खत-औषधाच्या दुकानात उधारी चालते आणि वहीत व्याज लिहिलेले नसते. पण रोखीने वीस हजारांत येणारा माल उधारीवर पाच महिन्यांनी साडेबावीस हजारांचा होतो. अडीच हजार जास्त, पाच महिन्यांना साडेबारा टक्के, वर्षाला तीस. शिवाय कोणते औषध घ्यायचे ते दुकानदार ठरवतो, कारण उधारीवाल्याला निवड नसते. युरियाबरोबर नको असलेली बाटली गळ्यात मारतात ती याच गिऱ्हाइकाच्या.

आडत्याची उचल याहून गोड. समजा, कांदा लावताना त्याने पन्नास हजार दिले. व्याज नाही, कागद नाही, "माल आपल्याच गाळ्यावर आणायचा" एवढीच अट. चार महिन्यांनी पन्नास क्विंटल कांदा घोडेगावला किंवा नगरला नेला आणि शेजारच्या गाळ्यापेक्षा क्विंटलमागे शंभर रुपये कमी मिळाले, तर पाच हजार गेले. चार महिन्यांना दहा टक्के, वर्षाला पुन्हा तेच तीस. भाव कमी मिळाला हे सिद्धही करता येत नाही, कारण लिलावात प्रतवारी डोळ्यांनी ठरते.

इथे आपल्या घरांना लागू पडणारी गोष्ट येते. आपल्यात कितीतरी दीनदार माणसे सूद नको म्हणून सोसायटीच्या दाराशी गेली नाहीत. त्यांच्या नियतीबद्दल आदरच आहे. पण त्यांतले बरेच जण खतवाल्याची उधारी आणि आडत्याची उचल निर्धास्तपणे घेत राहिले, कारण तिथे व्याज हा शब्द कुणी उच्चारत नव्हते. हिशोब वर दिला आहे. २०१७ आणि २०१९ च्या कर्जमाफ्या बँक आणि सोसायटीच्या कर्जाला होत्या. २०१७ चा शेतकरी संप आपल्याच जिल्ह्यातल्या पुणतांब्याहून उठला, १ जूनला, आणि त्या महिन्यातच माफी जाहीर झाली. नियमित फेडणाऱ्यांना पुढे पन्नास हजारांपर्यंत प्रोत्साहन रक्कमही मिळाली. उचलवाल्याला यातले काहीच मिळाले नाही. शून्य टक्क्यांचे पीककर्ज, ज्यात बँकेचे व्याज सरकार भरते, ते घ्यावे की नाही हा मसला आपापल्या आलिमांना विचारावा. फतवा देणे या सदराचे काम नाही. फक्त विचारताना दुकानदाराच्या उधारीचा हिशोबही त्यांच्यापुढे ठेवा.

आणि आपण नेहमी घेणाऱ्याच्याच बाजूला नसतो. राहात्याचा पेरू, श्रीगोंद्याचे लिंबू, संगमनेरचे डाळिंब यांच्या व्यापारात बागवान मंडळी पिढ्यान्‌पिढ्या आहेत. फुलोऱ्यातच बाग उक्ती घेऊन शेतकऱ्याला इसार देणारे आपलेच भाऊ आहेत. आगाऊ पैसे देऊन माल घेण्याचा रस्ता शरीअतमध्ये आहे, त्याला बय-ए-सलम म्हणतात. त्याच्या अटी कडक आहेत. पूर्ण रक्कम कराराच्या वेळीच द्यायची, आणि मालाचे वजन, प्रत, तारीख आधी ठरवायची. "भाव नंतर पाहू" हे त्यात बसत नाही. झाडावरचे फळ धरण्याआधी विकण्यालाही हदीसमध्ये मनाई आहे. आणि देण्या-घेण्याचा कागद साक्षीदारांसमोर लिहावा, तंगीत असलेल्या कर्जदाराला मुदत द्यावी, हे सूरह बकरामध्ये आहेच. यातले किती आपल्या गाळ्यावर पाळले जाते, ते प्रत्येकाने आपली वही उघडून पाहावे.

बिनव्याजी पतपुरवठ्याचे प्रयोग झाले आहेत. देवबंदचा मुस्लिम फंड १९६१ चा, मुंबईची बैतुन्नसर १९७६ ची. पण ते बहुतेक शहरी, लहान रकमांचे, दागिन्यांच्या तारणावरचे. खेड्यातल्या जमातीला अख्ख्या हंगामाचे कर्ज पुरवणे झेपणार नाही, आणि तसा आवही आणू नये. नवे-जुने मात्र झेपेल. ते पैसे पंधरा दिवसांसाठी लागतात आणि नवीन मंजुरी आली की परत येतात. जमातीच्या फंडात पाच लाख असतील तर मार्चच्या शेवटच्या पंधरवड्यात लाख-लाखाची पाच खाती त्यातून नवी-जुनी होतील, आणि पाच घरांचे मिळून पंधरा ते पंचवीस हजार रुपये वाचतील. कर्ज-ए-हसना म्हणूनच द्यायचे. पैसे हातात न देता सोसायटीच्या खात्यात भरायचे, सचिवाशी आधी बोलून मंजुरीची तारीख घ्यायची, दोन साक्षीदारांनिशी लिहायचे. फंड देणगीतून उभा करावा. लोकांकडून ठेवी गोळा करू नयेत, ते नोंदणीशिवाय बेकायदा आहे. घेणारा मुसलमान असावा अशी अट घालू नये, असे मला वाटते. शेजारच्या पाटलाची तारीखही ३१ मार्चच असते.

शेवटी कागदपत्रे, कारण आपल्या घरांचे कर्ज अडते ते बहुतेकदा इथे. सातबाऱ्यावर अजून दादांचे नाव, वालिद वारले त्यालाही दहा वर्षे झाली, वारसनोंद नाही. ज्याचे नाव नाही त्याला बँक कर्ज देत नाही. मग घाईने वारसनोंद करायला निघतात, बहिणींची नावे लागणार म्हटल्यावर कुणीतरी सुचवते, "आधी हक्कसोड घेऊन टाका, बँकेला सोपे जाते." बँकेला हक्कसोड लागत नाही. सहहिस्सेदारांची संमती लागते, आणि ती साध्या संमतीपत्रावर देता येते. कर्जाच्या निमित्ताने बहिणीची जमीन कायमची आपल्या नावावर करून घेण्याचा हा प्रकार शरीअतलाही धरून नाही आणि हिशोबालाही. संमती देणाऱ्या बहिणीला कर्जाची रक्कम आणि मुदत सांगा, कारण बोजा तिच्या हिश्श्यावरही चढणार आहे. मशीद, दर्गा किंवा मुलाणकीची इनाम जमीन असेल तर ती देवस्थान इनाम, म्हणजे वर्ग तीनमध्ये मोडते आणि गहाण ठेवता येत नाही. त्या जमिनीवर तारणाच्या कर्जाची आशा धरू नका, आणि तशी कर्जे करून देणाऱ्या दलालालाही पैसे देऊ नका.

वारसनोंदीचा अर्ज तलाठ्याकडे करता येतो, ऑनलाइनही होतो. मृत्यूचा दाखला, वारसांची नावे-पत्ते आणि प्रतिज्ञापत्र लागते. नोटीस निघाल्यावर हरकतीसाठी पंधरा दिवस जातात, मग मंडळ अधिकारी फेरफार मंजूर करतात, आणि त्यानंतर नवा सातबारा निघतो. खरिपाचे वाटप एप्रिलपासून सुरू होते, म्हणून हा अर्ज फेब्रुवारीतच द्यावा.